काष्टीची माणसं बारीक का झाली

लेख मागताना संपादकांनी "तुमच्या क्षेत्रातली वाटचाल" असे शब्द वापरले. माझं क्षेत्र म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरवरचं चित्र सरळ करणं आणि वाटचाल म्हणजे नगरच्या माळीवाडा स्टँडवरून सुटणाऱ्या एसटी. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं इतकंच, की जाताना त्या कधी वेळेवर सुटल्या नाहीत आणि येताना कधी उशिरा सुटल्या नाहीत.

नव्वदच्या दशकात नगरला दिल्लीगेटजवळ आमचं दुकान होतं. मालक कॉम्प्युटर विकायचे, मी दुरुस्त करायचे. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड घेतलेली त्या वर्षीची मी एकटी मुलगी. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि मी नर्स होईन असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मी नर्स झाले नाही. कामावर गेले की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मेकॅनिक कुठाय?" मी म्हणायचे, "मीच." मग तो माझ्या खांद्यावरून दाराबाहेर बघायचा. काही जण चहा सांगताना दोन कप सांगायचे, एक माझा आणि एक मागून येणाऱ्या मेकॅनिकचा. मी दोन्ही प्यायचे.

तेव्हाचे मॉनिटर म्हणजे काचेची मोठी नळी असलेले जड खोके. लोक त्याला टीव्हीच म्हणायचे. तक्रारीही टीव्हीच्याच असायच्या. चित्र पसरलंय, चित्र बसलंय, चित्र डावीकडं गेलंय, चित्र नाचतंय. देवळाली प्रवरेच्या एका शाळेतले मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "आमचा कॉम्प्युटर आटलाय." जाऊन पाहिलं तर कुणीतरी सेटिंग बदललं होतं. पडद्यावर ठिपके जास्त झाले होते, म्हणून अक्षरं लहान झाली होती. मी त्यांना समजावलं, की आता एका वेळी पडद्यावर जास्त मजकूर मावेल. ते म्हणाले, "बाई, मला जास्त नको, मोठं पाहिजे." मी मोठं करून दिलं. नगरच्या एका वकिलांचं चित्र नाचायचं. मॉनिटरला चिकटून व्होल्टेज स्टॅबिलायझर ठेवलेला होता. मी तो उचलून खाली जमिनीवर ठेवला आणि चित्र थांबलं. वकीलसाहेबांनी विचारलं, "आणि दुरुस्ती कधी करणार?"

या धंद्यातलं एक कळलं तर पुढचं सगळं कळेल. कॉम्प्युटरच्या डब्यात एक डिस्प्ले कार्ड असतं. ते मॉनिटरला सांगतं, की इतक्या ओळी काढ आणि या वेगाने काढ. त्या ओळी काचेवर किती जागेत पसरायच्या, हे मात्र मॉनिटरच्या पाठीमागच्या दोन-तीन बारीक स्क्रूंवर ठरायचं. कार्ड बदललं की ओळींची चाल थोडी बदलते. मग चित्र रुंद होतं, नाहीतर बुटकं होतं. ते सरळ करायचं तर स्क्रू पाठीमागून फिरवायचा आणि चित्र पुढून बघायचं. माणसाची मान तेवढी लांब नसते. म्हणून मी पिशवीत हातभर आरसा ठेवायचे. तो कॉम्प्युटरपुढे उभा करायचा, आपण मागे बसायचं आणि आरशात बघत स्क्रू फिरवायचा. पिशवीतून बाईने आधी आरसा काढला, की बघणाऱ्यांचं माझ्याबद्दलचं मत पक्कं व्हायचं.

आता काष्टीचं सांगते. त्यात चूक माझी होती.

काष्टीला बाजारतळाच्या रस्त्यावर जालिंदरभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. बाजाराच्या दिवशी माणसं बैल घ्यायला-विकायला यायची आणि जाता जाता फोटो काढून जायची. जालिंदरभाऊंनी कॉम्प्युटर घेतला, सोबत स्कॅनर आणि रंगीत प्रिंटर. मुख्य काम स्थळासाठीच्या फोटोंचं. मुलीचा उभा फोटो काढायचा, तो स्कॅन करायचा, मागचा मळका पडदा कॉम्प्युटरवर कापून टाकायचा आणि मुलीला धबधब्यापुढे उभं करायचं. असा धबधबा श्रीगोंदा तालुक्यात कुठेही नाही, पण त्यावरून कधी कुणाचं लग्न मोडलेलं नव्हतं.

एकदा लाईट सारखी येत-जात होती, त्यात त्यांचं डिस्प्ले कार्ड जळालं. मी नगरहून दुसऱ्या बनावटीचं नवं कार्ड घेऊन गेले आणि बसवलं. कॉम्प्युटर चालू केला.

"आलं की!" जालिंदरभाऊ ओरडले.

चित्र आलं होतं, पण वर दोन बोटं आणि खाली दोन बोटं काळी पट्टी होती. म्हणजे चित्र बुटकं झालं होतं. मागचा एक स्क्रू फिरवायचा होता. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात दौंडहून आलेली नगरची गाडी स्टँडवर लागल्याचा हॉर्न ऐकू आला.

"ह्या काळ्या पट्ट्या कशाच्या, मॅडम?"

"पुढच्या खेपेला नीट करते."

"ऱ्हाऊ द्या की. थेटरातल्या पिच्चरवानी दिसतंय."

मी पिशवी उचलली आणि गाडी पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली, हेसुद्धा आठवतंय.

चित्र बुटकं झालं म्हणजे पडद्यावर सगळी माणसं रुंद दिसणार, हे मला कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळत होतं. जालिंदरभाऊंना मात्र ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांना वाटलं, आपला स्कॅनर माणसं जाड करतोय. ते मन लावून काम करणारे होते. त्यांनी प्रत्येक माणूस कॉम्प्युटरवर दोन्ही बाजूंनी दाबून, पडद्यावर बरोबर दिसेपर्यंत बारीक करायला सुरुवात केली. पडद्यावर ते बरोबर दिसायचं. छापून बाहेर आलं, की माणूस उभा आणि बारीक निघायचा. गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही. उलट स्टुडिओचं नाव झालं. तीन महिने काष्टीच्या पंचक्रोशीतली माणसं अशी बारीक होत राहिली.

मग एके दिवशी दुकानात फोन आला.

"मॅडम, तुमी कार्ड बसावल्यापासनं स्कॅनर माणसं जाड करतोय. मी ती बारीक करतो. आता त्याच्यावरनं भांडान लागलंय. तुमी या."

मी गेले. स्टुडिओत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. गावच्या दूध संकलन केंद्रावर ते रोज दुधाचं फॅट काढायचे. कुणाच्या दुधात पाणी आहे आणि कुणाच्या नाही, हे सांगणारा माणूस. इतक्या वर्षांत त्यांच्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, असं जालिंदरभाऊंनी मला दारातच हळू आवाजात सांगितलं.

तात्यांची मुलगी मंगल डी.एड. झालेली. तिला देवळाली प्रवरेचं स्थळ आलं होतं. मुलगा राजेंद्र साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होता. त्याचे मामा, किसनमामा, काष्टीचेच, आणि स्थळ त्यांनीच आणलेलं. फोटो पसंत पडला, म्हणून ते मुलगी बघायला आले. पोहे झाले, प्रश्न झाले. उठताना किसनमामा अंगणात, चार लोकांपुढे म्हणाले, "फोटोतली पोरगी ही न्हाई. तात्यानं पुतनीचा फोटो धाडला."

तेवढ्यावर थांबलं असतं तर एक स्थळ मोडलं असतं. पण मामा दुसऱ्या दिवशी चावडीपाशी म्हणाले, "जो मानूस पोरीचा फोटू बदलतो, त्यो दुधाचं माप काय नीट करील?" त्यानंतर तात्या दुधाचं फॅट काढताना लोक त्यांच्या हाताकडे वाकून बघायला लागले. कुणी बोलत नव्हतं. नुसतं बघत होते.

"चार दिस झालं," तात्या मला म्हणाले. "वाकून बघत्यात."

मी कॉम्प्युटरवर एक वर्तुळ काढलं आणि पिशवीतली शिंप्याची टेप काढून काचेला लावली. आडवं अठरा सेंटिमीटर, उभं पंधरा. मी तात्यांनाही टेप धरायला लावली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं.

"मंजी मशीनची चूक," ते म्हणाले.

गिऱ्हाइकापुढे आपली चूक कबूल करायची नाही, असा मालकांचा दुकानात नियम होता. मशीनची चूक म्हणणं सोपं होतं आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

"मशीनची नाही, तात्या. माझी," मी म्हणाले. "कार्ड बसवलं तेव्हा मी हे बघितलं होतं. गाडी चुकेल म्हणून तसंच सोडून गेले."

तात्यांनी टेप गुंडाळून माझ्या हातात दिली. रागवतील असं वाटलं. ते म्हणाले, "हे तुमी त्येंच्यापुढं सांगाल का?"

"कुठं?"

"माझ्या घरी. बोलावतो त्येंना."

आधी मी मॉनिटर सरळ केला. आरसा लावला, स्क्रू फिरवला, वर्तुळ पुन्हा मोजलं. उभं अठरा, आडवं अठरा. पाच मिनिटं लागली. त्यानंतर दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, मी पुन्हा काष्टीला गेले. कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी गावोगाव फिरले, पण मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात साक्षीदार म्हणून गेले ती तेवढी एकदाच.

तात्यांचं घर गावाबाहेरच्या वस्तीवर. ओसरीत सतरंजी टाकलेली. किसनमामा भिंतीला टेकून बसले होते, शेजारी राजेंद्र. राजेंद्र मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. जालिंदरभाऊ दाराजवळ, कधीही उठून जाता येईल असे बसले होते. मंगल आतल्या दाराच्या चौकटीशी उभी होती. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चांगली, ठसठशीत बांध्याची मुलगी होती. फोटोत ती उदबत्तीसारखी आली होती.

मी सगळं सांगितलं. कार्ड, ओळी, स्क्रू, पट्ट्या. माझी चूकही सांगितली. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "बाई, तुमाला ह्या फोटोवाल्यानं आनलं. तुमी त्याच्याच बाजूनं बोलनार. मशीन कधी मानसाला बारीक करतंय व्हय?"

वर्तुळ स्टुडिओत होतं, इथे नव्हतं. मी सतरंजीवर ठेवलेले दोन्ही फोटो उचलले. मंगलचा पोस्टकार्डाएवढा होता. राजेंद्रचा मोठा, वहीच्या पानाएवढा, कारण भाच्याचा फोटो मामांनी हौसेने मोठा काढून घेतला होता, आणि तोही जालिंदरभाऊंकडेच. राजेंद्र धबधब्यापुढे हाताची घडी घालून उभा होता, कमरेपासून वरचाच दिसत होता. मनगटावरचं घड्याळ समोर येईल अशी घडी घातलेली. मी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हे घड्याळ कोणतं?" मी विचारलं.

राजेंद्रने पहिल्यांदाच मान वर केली. "हेच की," म्हणत त्याने हात पुढे केला.

"जरा काढून देता?"

मी घड्याळ सतरंजीवर ठेवलं. तबकडी गोल होती. शेजारी फोटो ठेवला आणि टेप किसनमामांच्या हातात दिली.

"मामा, तुम्हीच मोजा. फोटोतलं घड्याळ. आधी उभं."

त्यांनी मोजलं. "बारा मिलिमीटर."

"आता आडवं."

मामांनी मोजलं. मग टेप उचलून पुन्हा लावली. मग फोटो उजेडाकडे नेला. तात्या पुढे सरकले आणि वाकून बघितलं.

"धा," तात्या म्हणाले.

"घड्याळ गोल आहे," मी म्हणाले. "फोटोत ते अंड्यासारखं आलंय. जितकं घड्याळ दाबलं गेलं, तितकाच हात दाबला गेला आणि तितकाच माणूस. दोन्ही फोटो त्याच कॉम्प्युटरवरचे आहेत."

मामांनी भाच्याकडे बघितलं, मग फोटोकडे, मग पुन्हा भाच्याकडे. जणू त्याला पहिल्यांदाच बघत होते. राजेंद्र फोटोपेक्षा बराच रुंद होता. तो तसा नेहमीच होता, पण आतापर्यंत ते कुणी मोजलं नव्हतं.

"आयला," मामा म्हणाले. मग एकदम मोठ्याने हसले. "मग तर फिटंफाट झाली! पोरगाबी बारीक, पोरगीबी बारीक. तात्या, लई ताणू नका आता. बोला, सुपारी कवा फोडायची?"

जालिंदरभाऊसुद्धा हसले आणि पहिल्यांदा मांडी घालून नीट बसले. तात्यांनी दाराकडे बघितलं.

मंगल चौकटीतून पुढे आली. आवाज चढवला नाही. वर्गात फळ्यासमोर उभं राहून बोलावं तशी बोलली.

"मी पोहे दिले तेव्हाच मला दिसलं, हे फोटोपेक्षा रुंद आहेत. मला वाटलं, फोटोत माणूस जरा बारीक येत असेल. दुसऱ्याच कुणाचा फोटो पाठवला, असं काही माझ्या मनात आलं नाही. तुमच्या मनात का आलं, मामा?"

मामांचं हसू तोंडावरच राहिलं.

"अगं पोरी, आता सिद्ध झालं न्हवं? संपलं."

"आज टेपने सिद्ध झालं. बाई आल्या नसत्या तर? सहा दिवस तुम्ही माझ्या वडलांना लबाड म्हणताय. आणि हे शेजारी बसून ऐकतायत." तिने राजेंद्रकडे बघितलं. तो घड्याळ मनगटावर बांधत होता आणि त्याला पट्ट्याचं भोक सापडत नव्हतं. "मला हे स्थळ नको."

"तात्या, सांगा की तिला," मामा म्हणाले.

"तिनं सांगितलं ते तुमी ऐकलं," तात्या म्हणाले. "माझं येक काम करा. उद्या सकाळी दूध घालायला समदी येत्याल तवा केंद्रावर या, आन् चावडीवर जे बोलला, ते चुकीचं हुतं एवढं म्हना."

मामा दुसऱ्या दिवशी गेले, असं जालिंदरभाऊंनी नंतर सांगितलं. इतक्या हळू बोलले, की मागच्यांनी "काय म्हनला?" करत त्यांना तीनदा म्हणायला लावलं. तात्या मान खाली घालून फॅट काढत राहिले.

मंगल पुढे पारनेरच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. तिचं लग्नही झालं, कुणाशी ते मला ठाऊक नाही. मुलाकडच्यांना फोटो पाठवायचा नाही, समक्ष येऊन बघा म्हणायचं, अशी तिची अट होती म्हणे.

जालिंदरभाऊंचा महिन्याभराने फोन आला. लोक तक्रार करत होते, की आता फोटोत माणूस जाड येतो, पहिल्यासारखं काढा. "मॅडम, तेवढं जुनं करून द्या की." मी नाही म्हणाले. पुढच्या खेपेला गेले तर पडद्यावर वर दोन बोटं आणि खाली दोन बोटं काळी पट्टी होती, आणि टेबलाखाली एक नवा आरसा होता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

माझ्यापुरतं इतकंच झालं, की त्यानंतर वर्तुळ काढून मोजल्याशिवाय मी कुठल्याही टेबलावरून उठले नाही. पुष्कळ गाड्या चुकल्या. मालकांना त्याचं कारण कधी सांगितलं नाही. मुलीला ज्या सहा दिवसांतून जावं लागलं, ते पाच मिनिटांनी वाचले असते, हे आजही मला नीट गिळता येत नाही. शेवटी तिचं भलंच झालं, असं जालिंदरभाऊ म्हणायचे. ते खरं असेल. पण ते काही मी ठरवून केलेलं नव्हतं.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. तात्यांकडून निघून मी स्टँडवर नगरच्या गाडीची वाट बघत होते. मागून कुणीतरी येऊन उभं राहिलं. राजेंद्र होता. एकटाच. म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटर आता नीट झालाय ना?"

"झालाय."

"मग तिचा फोटो... म्हणजे खरा, जशी आहे तसा, काढून मिळंल का? मला ती आवडली हुती. बघितली तवाच. फोटोपेक्षा."

"हे तिथं का नाही बोललात?"

तो घड्याळाशी चाळा करत राहिला.

"फोटो तिचा आहे," मी म्हणाले. "माझ्याकडे मागू नका. आत्ता परत जा आणि तिला सांगा. मामांचं जे निमूट ऐकून घेतलं, ते चुकलं म्हणा. वस्ती दहा मिनिटांवर आहे. ती अजून ओसरीतच असेल."

त्याने वस्तीच्या रस्त्याकडे बघितलं. खरंच विचार करत होता, चेहऱ्यावर दिसत होतं. दोन पावलं त्या बाजूला टाकलीही. मग थांबला आणि माझ्याकडे वळला.

"मामांना विचारून बघतो," तो म्हणाला.